साक्री ते पिंपळनेर, मुरमाच्या वाटेने

या सहलीचं मूळ एका व्हिडिओत होतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने तो पाठवला होता. फ्रान्सच्या ग्रामीण भागातला खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं, एखादं जुनं चर्च आणि पांढऱ्या केसांचं एक जोडपं निवांत सायकल चालवत चाललेलं. ना गाड्या, ना भोंगे. वंदनाने, म्हणजे माझ्या बायकोने, तो तीनदा पाहिला आणि म्हणाली, "अहो, खडी आणि मुरूम आपल्याकडे काय कमी आहे?"

मला तेव्हाच धडकी भरली. वंदना प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, तब्येतीने काटक आहे, पण अकरा वर्षांपासून इन्सुलिन घेते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ती मला स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली सापडली. रक्तातली साखर इतकी उतरली होती की तिने माझ्याकडे पाहिलं आणि "तुम्ही कोण?" असं विचारलं. दहा मिनिटांत ती सावरली. मी मात्र अजून सावरलेलो नाही.

तरीही जानेवारीतल्या एका शनिवारी रुंद टायरच्या दोन सायकली गाडीमागे बांधून आम्ही जळगावहून पहाटे निघालो. धुळे ओलांडून साक्रीला पोहोचलो, माझ्या मावसभावाच्या अंगणात गाडी लावली. तिथून पिंपळनेर डांबरी रस्त्याने तासाभरात येतं. आम्हाला तो रस्ता टाळून पांझरेच्या काठाकाठाने, शेतवाटांनी जायचं होतं. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो, नकाशे काढण्यातच सगळी नोकरी झाली. त्यामुळे वाट कागदावर आखून घेतली होती. शिवाय माझ्या पिशवीत ग्लुकोजचे चार पुडे, बिस्किटं, केळी, साखर तपासायचं यंत्र आणि साक्री-पिंपळनेरच्या दवाखान्यांचे नंबर होते. मावसभाऊ हसला. "दोन दिवसांसाठी चाललात की दोन महिन्यांसाठी?"

पहिले दोन तास फार सुंदर गेले, असं वंदना म्हणते. मला आठवतं ते एवढंच, की लाल मुरूम टायरखाली कुरकुरत होता, हरभऱ्यावर दव होतं आणि मी तिच्या मागून तिच्या खांद्यांकडे बघत चाललो होतो. खांदे जरा कलले की मी हाक मारायचो. "काही खाल्लंस का?" ती हात हलवायची. पाटाच्या कडेला कांद्याची लागण चालू होती. ओळीत वाकलेल्या बायकांपैकी एकीने कंबर सरळ केली आणि विचारलं, "कथा जाई ऱ्हायनात, भाऊ?" (कुठे चाललात?)

"पिंपळनेरला."

"सायकलवर? गाडी नही का तुमनाजोडे?" (तुमच्याकडे गाडी नाही का?)

सगळ्या हसल्या. वंदनाही हसली. मी तेवढ्यात पुन्हा विचारलं, "थांबलोच आहोत तर केळं खातेस का?" तिचं हसू मावळलं. "अहो, आत्ता अर्ध्या तासापूर्वी बिस्किटं खाल्ली ना तुमच्यासमोर."

पुढे बाभळीच्या काट्याने माझं मागचं चाक बसलं. मी सायकल उलटी केली, ट्यूब काढली. वंदना शेजारी उभी राहिली. मी पंप मारता मारता दोनदा तिला विचारलं, चक्कर तर नाही ना येत. ती शांतपणे म्हणाली, "मी पुढे होते. चिंचेखाली थांबते." दोनशे पावलांवर चिंच दिसत होती. मी ग्लुकोजचा एक पुडा तिच्या हँडलच्या पिशवीत कोंबला आणि तिला जाऊ दिलं.

पंक्चर काढायला मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. काटा आत मोडला होता. एकदा ठिगळ लावलं, हवा भरली, पुन्हा गेली. दुसऱ्यांदा टिकली. चिंचेखाली पोहोचलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

हाक मारली. फोन लावला, रेंज नव्हती. चिंचेपासून वाट दोन ठिकाणी फुटत होती आणि माझ्या कागदावर एकच होती. डावी वाट नाल्याकडे उतरत होती, उजवी शेतात शिरत होती. उतार दिसला की वंदनाला राहवत नाही, म्हणून मी डावी धरली. मनात एकच चित्र होतं, ती नाल्यात पडली आहे आणि तिला आपलं नावही आठवत नाही. उतारावर सुटी खडी होती. मी ब्रेक दाबला, चाक सरकलं आणि मी आडवा झालो. कोपर सोललं, गुडघ्याला मुरूम चिकटला. उठलो आणि तसाच पुढे निघालो.

नाल्याच्या काठावर एक ठेलारी (मेंढपाळ) मेंढ्या पाजत होता. "आबा, इथून एक बाई सायकलवर गेली का?"

त्याने माझ्या कोपराकडे पाहिलं. "आठून कोनी सायकल गई नही, भाऊ. सकायपाईन मी आठेच शे." (सकाळपासून मी इथेच आहे.)

परत चढ चढताना सायकलवर बसवेना, ढकलतच वर आलो. चिंचेपासून उजव्या वाटेला लागलो. थोड्या अंतरावर एक रिकामी कांदाचाळ दिसली आणि तिला टेकवलेली वंदनाची निळी सायकल.

चाळीशेजारी पत्र्याचं घर होतं. दारात खाटेवर वंदना बसली होती, हातात चहाचा पेला, शेजारी सत्तरीची एक बाई. "या भाऊ, बसा. तुमनीच वाट दखी ऱ्हायनी ही," ती म्हणाली.

"चिंचेखाली मुंग्या होत्या हो फार," वंदना म्हणाली. "म्हणून इकडे आले. अक्कांनी चहा दिला. आणि हे कोपराला काय झालं?"

सुटकेने मला इतकं भरून आलं होतं की मी मुंग्यांवर विश्वास ठेवला. अक्कांनी हळद आणली, पाणी दिलं. वंदना मोरीवर तोंड धुवायला गेली तशा अक्का माझ्याकडे वाकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू? उनी तवय (आली तेव्हा) हातपाय कापी ऱ्हायंतात तिना. बोलता बी ये ना. गूय (गूळ) खाधा, अर्धी भाकर खाधी, मंग सावरनी. माले सांगं, मना मालकले सांगू नका, त्या घाबरी जातीन. पन मी कसी सांगू नही?"

मोरीवर पाण्याचा आवाज येत होता. वंदना पदराने तोंड पुसत आली आणि म्हणाली, "निघायचं ना?"

पिंपळनेरपर्यंतच्या वाटेत मी तिला एकदाही विचारलं नाही, खाल्लंस का. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिने दोनदा मागे वळून पाहिलं. मी रागावलो होतो. डोंगर जवळ येत होते, बंधाऱ्यावर बगळे बसले होते, आणि मला त्यातलं काहीही नको होतं.

दुपारी पिंपळनेरच्या एका खानावळीत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी समोर आली. रस्सा जहाल होता. डोळ्यांत पाणी आलं, ते रश्श्यावर ढकलता आलं. मग मी म्हणालो, "अक्कांनी सांगितलं मला."

वंदनाने तुकडा मोडायचं थांबवलं. "मला वाटलंच होतं. पुडा पिशवीत आहे, हेही सुचलं नाही तेव्हा."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिथूनच मला साक्रीला परत नेलं असतं. मग आयुष्यात कधी सायकलला हात लावू दिला नसता."

ते खरं होतं. मी विचारलं, "असं याआधी झालंय? मला न सांगता?"

ती म्हणाली, "चार-पाच वेळा. शाळेत दोनदा. एकदा तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतात तेव्हा. साखर खाल्ली आणि गप्प बसून राहिले. अहो, तुमचा चेहरा असा होतो ना, की स्वतःला सावरू की तुम्हाला, हे कळत नाही."

आतापर्यंत मी समजत होतो की मी तिच्यावर लक्ष ठेवून आहे. मी पेपर वाचत असताना पलीकडच्या खोलीत ती एकटी, थरथरत, आवाज न करता साखर खात होती, हे मला त्या खानावळीत कळलं. भूक गेली. तिने माझ्या ताटात कांदा वाढला आणि म्हणाली, "जेवा. अजून परत जायचंय."

रात्री तिथेच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच वाटेने साक्रीकडे निघालो. पाटाच्या भरावावरून जाताना वंदना अचानक उतरली. सायकल आडवी टाकली.

"थांबा. साखर कमी होतेय. हात थरथरतोय."

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं, नाश्ता कमी केलास, वेगात चाललीस, पिशवी दे, यंत्र काढ. मी फक्त एवढंच विचारलं, "मी काय करू?"

"काही नका करू. बसा इथे."

तिने स्वतः पुडा फाडला, तोंडात ओतला, पाणी प्यायली. मी शेजारी मुरमावर बसलो. तिच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. ती डोळे मिटून बसली आणि तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात कापत होता. पाटातून पाणी चाललं होतं. इतका लांब पाव तास मी आयुष्यात काढलेला नाही. हळूहळू हात स्थिर झाला. तिने डोळे उघडले, दोन बिस्किटं खाल्ली, एक मला दिलं.

"चला," ती म्हणाली.

जळगावला परतून आता महिना होत आला. सायकली पायऱ्यांखाली उभ्या आहेत, टायरच्या खाचांतला लाल मुरूम अजून निघालेला नाही. भीती गेली का, असं मावसभावाने विचारलं, तेव्हा मी नाही म्हणालो. ती जाणारही नाही. इतकी वर्षं मी ती भीती वंदनाच्या खांद्यावर ठेवत होतो, आणि वंदना आपलं दुखणं माझ्यापासून लपवत होती.

परवा दुपारी शाळेतून तिचा फोन आला. मधल्या सुट्टीचा गोंगाट ऐकू येत होता. "अहो, आत्ता कमी झाली होती. साखर खाल्ली, डबा खाल्ला, आता बरी आहे. येऊ नका, नुसतं सांगितलं." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. गाडीची किल्ली तोवर माझ्या हातात आली होती. ती मी खिळ्याला परत अडकवली आणि जेवायला बसलो.