कुजलेली पायरी कोणी पुसली?

मुकादमाने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "वाच. तूच लिहिलंयस ना?"

तलासरीचा आमचा पाडा. जमनीबायचं अंगण. वीसेक माणसं बसलेली. जमनीबायचा मोडलेला हात गळ्यात.

मी वाचलं. "काम करताना जमनीबाईंचा तोल गेला आणि त्या पडल्या." खाली माझं नाव.

हे मी लिहिलं नव्हतं. बोर्डीच्या चिकूवाडीत शिडीची पायरी कुजली होती. जमनीबायने दोनदा सांगितलं, तरी मुकादमाने तिला वर चढवलं. मी हे लिहिलं होतं. डहाणूच्या ज्या ऑनलाइन वार्तापत्रात मी काम करते, त्यात तीन दिवसांपूर्वी हेच आलं, आणि याच अंगणात मी ते मोठ्याने वाचलं होतं. इथे बहुतेकांना वाचता येत नाही. मी वाचते, ते ऐकतात.

मुकादम हसला. "तोल गेला, असं हीच लिहिते. मग वाडीच्या शेठचा काय दोष?"

जमनीबाय माझ्याकडे बघत राहिली. "बाय, तू तवा खोटा वाचलास?"

माणसं उठून गेली.

मी डहाणू गाठलं. आमचे संपादक निवृत्त अधिकारी. सगळे त्यांना साहेबच म्हणतात.

"साहेब, कोणी बदललं?"

"मी. शेठ रोज माझ्याबरोबर फिरायला असतात. उगाच वाईटपणा कशाला?"

"मग खाली लिहा, बदल केलाय म्हणून."

"अगं, ऑनलाइन आहे ते. तुझ्या बापाचं पत्रक आहे का? शुद्धलेखन सुधारलंय, आभार मान. तुमच्या लोकांना भडक लिहायची खोडच असते."

तुमच्या लोकांना. मी मान खाली घातली. दोन वर्षं घालतच आले होते.

हातातल्या मोबाइलवर ते पान पुन्हा उघडलं. आता एक नवं वाक्य होतं. "वाडीमालकांनी तातडीने उपचार केले." जमनीबाय संध्याकाळपर्यंत झाडाखाली पडून होती. साहेब माझ्याशी बोलता बोलता समोर टाइप करत होते. माझ्या नावाने.

माझा बाप पाड्यांसाठी छापील पत्रक काढायचा. त्यात एकदा गावाचं नाव चुकलं. तो बाजारात उभा राहिला. प्रत्येक कागदावर चूक पेनाने खोडली, दाखवली, मगच कागद हातात दिला. चूक मीही सुधारीन. पण खोडलेलं दिसलं पाहिजे.

बातमी आली त्या सकाळी सगळ्या वाचकांना तिचा ईमेल गेला होता. मलाही. त्यात पायरी कुजलेलीच होती. तिथवर साहेबांचा हात पोचत नव्हता.

"माझं नाव काढा."

"काढतो. उद्यापासून येऊ नकोस."

"येणारच नव्हते."

स्टेशनजवळ ईमेल आणि बदललेलं पान, दोन्ही कागदावर छापून घेतलं. सोमवारी कामगार कार्यालयात जमनीबायची सुनावणी आहे. त्याआधी अंगणात दोन्ही वाचलं जाईल. मी वाचणार नाही. शाळेतल्या पोरी वाचतील, मी समोर बसेन.

एसटी डेपोत फोन वाजला. मुकादम. आवाज अगदी गोड. "ताई, कितीच्या गाडीने परत येतेस?"

उतरताना वाटेत कोण उभं असेल, ते कळलं. तरी मी खरी वेळ सांगितली.