दिरांचा स्टुडिओ अल्बम

आमच्या धाकट्या दिरांइतका एका डबीपायी वाया गेलेला माणूस अख्ख्या पारनेर तालुक्यात सापडायचा नाही. डबी म्हणजे कॅसेट. भाऊजी कामाला आहेत त्या सुप्याच्या कारखान्यात मशीन बसवायला एक गोरा इंजिनिअर आला होता, तो जाताना भाऊजींच्या हातात ठेवून गेला. वरच्या चित्रात केस पिंजारलेले, डोळ्यांत काजळ घातलेले चार बापे. आत दहा गाणी, सगळी रिकाम्या पिंपावर कोणी उलथनं बडवावं तशी. भाऊजींना त्यातला एक शब्द कळायचा नाही, पण गोऱ्यानं सांगितलेलं तेवढं पाठ. "वहिनी, ह्याला न्यू वेव्ह म्हनत्यात. नवी लाट." गावात आठ दिवसांनी टँकर येतो आणि आमच्या घरात लाट! बरं, कॅसेट म्हणायचीही चोरी. "कॅसेट म्हंजे नुसती डबी. ह्यो स्टुडिओ अल्बम हाय," हे त्यांनी दूधवाल्यालासुद्धा बजावलं होतं.

थाट तर विचारू नका. ऐकण्याआधी हातपाय धुणार. टेपचे सेल वाचावेत म्हणून फीत पेन्सिलीनं मागे गुंडाळणार, तीही अगदी पहिल्या गाण्यापर्यंत. मधूनच लावलं तर त्यांना उष्टं खाल्ल्यासारखं वाटायचं. मामंजींनी एकदा त्यावर भजन भरून घ्यायचं ठरवलं, तर हा तीस वर्षांचा घोडा दोन दिवस जेवला नाही. मी रोज चुलीपासून ओरडायची, "भाऊजी, बारीक करा ते!" त्यावर, "ऐका तर, आता चांगलं येतंय." ते चांगलं कधी आलं नाही.

अशा माणसाला सोनईची एक मुलगी पसंत पडली आणि नवल म्हणजे मुलीलाही ते पसंत पडले. भाऊजी कामावर जाताना दोनदोनदा भांग पाडू लागले. मग मुलीचे वडील आणि चुलते घर बघायला आले. आमचे मालक पेढे आणायला गेलेले, मामंजींना ऐकू कमी, मी चहा देऊन दारात उभी. भाऊजी आनंदानं फुगलेले.

"पाव्हनं, थांबा, माझा स्टुडिओ अल्बम दाखवतो. रोज काढल्याबिगर मला घास जात न्हाई!" म्हणत आत पळाले.

आमच्याकडे स्टुडिओ फोटोवाल्याचा आणि अल्बम लग्नाचा. चुलत्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजे ह्याचं पयलं लगीन झालंय का काय?"

वडिलांनी आत हाक दिली, "कदीचा वो अल्बम?"

"पाच वर्सं झाली! अजून नवाच्या नवा हाय!"

पाहुणे उठले. "कळवतो" म्हणाले. अहो, ती गाण्यांची कॅसेट आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. पण परक्या पुरुषांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पदर धरून उभी राहिले. आत भाऊजी पेन्सिल फिरवत होते, पहिल्या गाण्यापर्यंत. बाहेर आले तेव्हा ओट्यावर नुसते कप होते.

मध्यस्थाकडून कारण कळेपर्यंत मुलगी दुसरीकडे दिलेली. घरातले पोट धरून हसले, भाऊजीही हसले. मग चुलीपाशी येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, तुमाला तर म्हाईत हुतं की."

रागानं म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून मी 'बारीक करा' म्हणत नाही. आता ते आपणच बारीक करून ऐकतात.