चमच्यातला चौकोन

त्या चमच्याचा फोटो मी अजून दुकानदाराला दिलेला नाही. बाकीचे सगळे दिले.

मी आठवडाभर एका कारखान्यात माल तपासणीचं काम करतो आणि रविवारी चौलच्या घरी फोटो काढतो. माणगावच्या एका दुकानदाराने पांढऱ्या कपबशा, बाऊल, ताटल्या आणि थोड्या स्टीलच्या चमच्यांचं काम दिलं होतं. किनाऱ्यावरच्या हॉटेलांना दाखवायला त्याला फोटो हवे होते. "पांढऱ्यावर पांढरं पाहिजे, पण बशीची कड दिसली पाहिजे," एवढंच तो म्हणाला. अशा फोटोला हाय-की म्हणतात. सावली जवळजवळ नसते, पण थोडी ठेवावी लागते, नाहीतर बशी मागच्या कापडात विरघळून जाते.

आमच्या पडवीला उजवीकडे मोठी खिडकी आहे. बाहेर सुपारीची वाडी, त्यामुळे पांढऱ्या बशीवर हिरवी झाक यायची. मी खिडकीला जुनी पांढरी चादर बांधली. उजेड मऊ झाला आणि हिरवा रंगही गेला. डाव्या बाजूला बशीवर सावली पडे, तिथे थर्माकोलचा पत्रा धरला की उजेड परत फिरून सावली उजळायची. प्रत्येक भांड्याला कोन वेगळा, म्हणून पत्रा हातानेच धरावा लागे. तो बायको धरायची. उजवा हात कॅमेऱ्यासमोर येई, म्हणून डाव्या हाताने.

"लग्नात माझा एक फोटो धड आला नाही," ती म्हणायची, "आणि ह्या बशीचे चाळीस!"

"बशी हलत नाही."

"तिचं बरं आहे. तिला हात दुखायला हातच नाही."

मी हसलो होतो. ते हसणं मला आता नीट आठवतं.

कॉम्प्युटरवर शून्य म्हणजे पूर्ण काळं आणि दोनशे पंचावन्न म्हणजे पूर्ण पांढरं. मागचं कापड मी अडीचशेवर ठेवत होतो आणि बशीची डावी कड दोनशे अठ्ठावीसच्या आसपास. हे मी वहीत लिहायचो: कितवा रविवार, डाव्या कडेचा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात सावली कॉम्प्युटरवर किती उजळवली ते. पहिल्या रविवारी दोनशे अठ्ठावीस. दुसऱ्या रविवारी दोनशे सव्वीस. मग दोनशे एकोणीस, दोनशे चौदा. मागचं कापड मात्र दर वेळी अडीचशेच.

फक्त डावी बाजू काळवंडतेय म्हणजे थर्माकोल पिवळा पडला असणार, असं मी धरलं. रेवदंड्याहून नवा पत्रा आणला. पुढच्या रविवारी दोनशे नऊ.

"अगं, वर धर. लक्ष कुठे आहे तुझं?"

"धरलाय की."

"खाली येतोय."

"बरं," ती म्हणाली आणि पत्रा वर गेला. दोन फोटो होईपर्यंत तो परत खाली. मी आणखी बोललो नाही, कारण कॉम्प्युटरवर सावली उजळायची पट्टी असते. ती थोडी सरकवली की दोनशे नऊचे दोनशे अठ्ठावीस होतात. दर रविवारी मी ती आदल्या वेळेपेक्षा जास्त सरकवली, आकडा वहीत लिहिला आणि काम पुरं केलं.

नवव्या रविवारी शेवटचा स्टीलचा मोठा चमचा होता. स्टीलमध्ये सगळी खोली दिसते, म्हणून दुपारी जेवण झाल्यावर मी फोटो खूप मोठा करून त्यातलं एकेक प्रतिबिंब पुसायला बसलो. खिडकीची चौकट पुसली. कॅमेऱ्याचे तीन पाय पुसले. एका कडेला थर्माकोलचा पांढरा चौकोन असायला हवा होता. तो अर्धाच होता आणि त्याला लागून काहीतरी रंगीत होतं. चमच्याच्या खोलगट बाजूत सगळं उलटं दिसतं, म्हणून फोटो फिरवला.

बायको होती. उजव्या हाताने तिने डावा हात कोपराखाली उचलून धरला होता. डोळे गच्च मिटलेले, खालचा ओठ दातांखाली.

माझा हात माऊसवरच राहिला. मी तिला पुसणारच होतो.

स्वयंपाकघरात गेलो. वरच्या फळीवरचे डबे कधीतरी खाली ओट्यावर आले होते. तेही मला त्याच क्षणी दिसलं.

"डावा हात वर कर."

"कशाला? अजून फोटो राहिलेत?"

"कर."

हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

"काखेत गाठ आहे," ती खाली बघत म्हणाली. "तुमचं हे काम संपलं की सांगणार होते. उगाच मध्येच कशाला."



दुसऱ्या दिवशी अलिबागला डॉक्टरांकडे गेलो. नंतर रिपोर्ट आला, भीती होती तेच निघालं आणि आता पनवेलला उपचार चालू आहेत. पण त्या पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधीपासून?"

"झाले असतील पंधरा दिवस," बायको म्हणाली.

"निदान सहा आठवडे," मी म्हणालो आणि वही पुढे केली. तिसऱ्या रविवारपासून आकडा घसरत होता. डॉक्टरांना आधी कळेना. मी समजावून सांगितल्यावर त्यांनी सगळा रकाना बोटाने खालपर्यंत वाचला, कागदावर काही लिहिलं आणि वही परत दिली. ती बायकोने घेतली.

परतीच्या रिक्षात ती वही मांडीवर उघडी ठेवून बसली होती. नागाव आल्यावर तिने वहीतून डोकं वर काढलं.

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं."

"आकडा दिसत होता."

"मग विचारलं का नाही?"

तिचं बोट शेवटच्या रकान्यावर होतं. त्याला मी पहिल्या दिवशी, माझ्याच हाताने, नाव दिलं होतं: 'दुरुस्ती'. पहिल्या ओळीत शून्य होतं, पुढच्या आठही ओळींत वाढत गेलेला आकडा.