मैदानावरची बाग आणि आमचा फोटो

आमचं मैदान एका सोमवारी गेलं. सकाळच्या शाळेला आलो तर फाटकाच्या आत सगळं नांगरून ठेवलेलं... खो-खोचे दोन्ही खांब उपटून भिंतीला टेकवलेले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट, नागपुरातली आमची मुलींची शाळा. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की अजून डोकं तापतं माझं.

झालं असं, की शाळेत इन्स्पेक्शन येणार होतं आणि आमच्या हेडसरांना साक्षात्कार झाला की मुलींना निसर्गाची ओळख नाही. म्हणून बाग करायची... तीही गुलाबाची. मार्च महिन्यात, नागपुरात! आता याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

आणि ओळख नाही म्हणजे काय? आमच्या पीटीच्या बाई खेळ संपला की आम्हाला मैदानभर हिंडवायच्या. मुंग्या कुठून कुठे चालल्यात, बाभळीला शेंगा कधी लागतात, सगळं त्या मातीत उकिडवं बसून बघायला लावायच्या.

आदल्याच आठवड्यात टिटवीनं कोपऱ्यात उघड्या खड्यांवर अंडी घातली होती. अगदी खड्यांसारखीच दिसायची, पाय पडला असता तरी कळलं नसतं. आम्ही पोरींनी भोवती विटांचे तुकडे मांडले आणि आमचा एक खांब उपटून पलीकडे सरकवला... तिला त्रास नको म्हणून.

नांगर फिरला, त्यात ती अंडी गेली. टिटवी दिवसभर डोक्यावर ओरडत फिरत होती, आणि खाली हेडसर माळ्याला 'निसर्ग उद्यान' ही पाटी कुठे ठोकायची ते दाखवत होते. संताप संताप झाला होता नुसता.

बाई भांडल्या. शाळांच्या सामन्यांची फायनल तोंडावर आली होती आणि आम्ही पहिल्यांदाच तिथवर पोचलो होतो... निदान दोन खांबांपुरती जागा सोडा म्हणाल्या. हेडसर म्हणाले, पोरी धावून धावून काय शिकतात, फुलं बघितली की मनावर संस्कार होतात, तुम्ही टीमचं नावच काढून घ्या. आणि वर बागेला काटेरी तार! फुलांना हात लावायचा नाही, आत जायचं नाही... झाली निसर्गाची ओळख.

बाईंनी नाव काढलं नाही. पण खेळायचं कुठे?

आमची कॅप्टन शोभा विणकराच्या घरची. त्यांच्या गल्लीत सकाळी लुगड्याचे उभे धागे लांबच लांब ताणून त्यांना खळ लावायचे, आणि ते ताणायला गल्लीच्या दोन्ही टोकांना खुंट रोवलेले असायचे. शोभा म्हणाली, दुपारून धागे गुंडाळले की खुंट रिकामेच असतात... झाले की आपले खांब.

तिची आई आधी चकित झाली, शाळेत एवढी जागा असताना गल्लीत काहून म्हणून. मग सगळं ऐकल्यावर एवढंच म्हणाली, "खेळा वं पोरींनो. पण धाग्याले कोणाचा पाय लागला तं माझ्याशी गाठ आहे."

एखाद्या दिवशी धागे वाळायला उशीर व्हायचा. मग त्या ओल्या धाग्यांच्या कडेकडेनं, अर्ध्या गल्लीत, अंग चोरून पळायचं. अशी वळणं शिकलो म्हणून सांगू... मोठ्या मैदानावर कधी शिकलो नसतो.

फायनल जिंकलो!

आणि मग इन्स्पेक्शनच्या दिवशी कळस झाला. हेडसरांनी सगळ्या शाळेसमोर इन्स्पेक्टर साहेबांना सांगितलं, की या निसर्ग उद्यानाच्या शुद्ध हवेमुळेच आमच्या मुलींनी हे यश मिळवलं. गुलाबाच्या काड्या तोवर उन्हानं काळ्या पडल्या होत्या हो... कसली हवा आणि कसलं काय.

वर आम्हाला बोलावलं, बागेपुढे ओळीनं बसा, फोटो काढायचा आहे. आम्ही गेलो. काही ठरलेलं नव्हतं, शपथ... शोभा कॅमेऱ्याकडे तोंड करून उकिडवी बसली. तिच्या शेजारची पाठ करून बसली, तिच्या शेजारची पुन्हा तोंड करून. खो-खोत बसतात तश्शी, अख्खी ओळ.

फोटोवाला गोंधळला. हेडसर दातओठ खात म्हणाले, हा काय चावटपणा, उठा आधी आणि नीट बसा. एकही पोरगी हलली नाही.

शोभानं मान वर केली. "कसं उठू सर? खो भेटल्याबिगर उठलं तं फाऊल होते ना."

हेडसरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंची नोकरी त्यांच्याच हातात होती, हे आम्हालाही माहीत होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "नियम आहे, सर." साहेब आधी हसले... मग बागेकडे बघून त्यांनी विचारलं, यांचं मैदान कुठे आहे. हेडसर घाईघाईनं फोटोवाल्याला म्हणाले, काढ रे, काढ तसाच.

मैदान काही परत मिळालं नाही. मी शाळा सोडेपर्यंत ती काटेरी तार तशीच होती, आत धूळ. त्याचा राग आजही गेलेला नाही आणि जायलाही नको.

पण तो फोटो माझ्याकडे आहे. नात विचारते, यात तू कुठे आजी... मी तिला माझी पाठ दाखवते, दोन वेण्या आणि लाल रिबिनी. आयुष्यात इतका चांगला फोटो माझा दुसरा कोणी काढला नाही. बाई, तुमचे उपकार.