शून्याआधीची शेवटची मूळ संख्या

कॅनडातल्या सस्कॅचेवानात तीस वर्षं ट्रकनं गहू वाहताना ओलेना किलोमीटर मोजणाऱ्या मीटरवरचा प्रत्येक आकडा मनात भागून बघायची. उद्या ट्रक भंगारात जाणार होता. दहा लाखांच्या आतली, म्हणजे मीटर पुन्हा शून्यावर येण्याआधीची शेवटची मूळ संख्या, एक आणि स्वतःखेरीज कशानंच न भागणारी ९९९९८३, तिला आज मीटरवर बघायची होती.

९९९९८२ वर, खालून तीन डोकावू लागला तेवढ्यात, इंजिन धापा टाकून बंद पडलं.

"सम आकड्यावरच बसलं की," नवरा मिरोन म्हणाला. "दोननं भाग घाल आणि गप घरी चल."

"उतर. ढकल."

किंचित उतारावर रिकामा ट्रक वीत वीत सरकला. दोघांचे पाय खडीत घसरत होते. ओलेनानं डोकावून पाहिलं, तर तीनाचा आकडा अर्धाच वर आला होता. तिचा हात सुटत चालला.

"आणखी थोडं," मिरोन पुटपुटला आणि त्यानं पुन्हा खांदा लावला.

तीन पुरता वर आला, तेव्हा टोपी मिरोननं काढली.