टायर रागाने घेतले नव्हते
नव्या रबराचा वास आला की अमरावतीचे ते टायरचे दुकान आठवते. दुकानदाराने स्वस्तातला टायर पुढे केला आणि म्हणाला, "काकाजी, महागाचा लय वर्सं चालते. तेवढी वर्सं आता तुमाले कायले पाह्यजे?" मी महागाचेच चारही बसवून घेतले. घरचे सांगतात, म्हातारा चिडला म्हणून घेतले. साफ चूक. चिडलो होतो, हे मान्य. परंतु आदल्याच आठवड्यात ओल्या रस्त्यावर गाडी घसरली होती आणि तेव्हापासून पत्नी अकोल्यापर्यंत दारावरची मूठ सोडत नव्हती, हे मात्र कुणी सांगत नाही. तीसुद्धा नाही. "रागानंच घेतले तुमी," असे ती आजही अकोल्याच्या प्रत्येक प्रवासात ऐकवते, आणि अर्ध्या वाटेवरचे मूर्तिजापूर येण्याआधी शेजारच्या सीटवर गाढ झोपी जाते.