डाव्या बाहीचं माप

माझी सासू आवडाबाई कोपरीच्या बाजारात मासळी विकायची. ‘ताजी आहे ना?’ असं कुणी विचारलंच, तर माशाचा कल्ला उघडून त्याच्या नाकाशी धरायची. स्वतःच्या जिवाचं मात्र ती कुणाला काही दाखवायची नाही.

अठ्ठ्याऐंशी साली कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढला. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं आणि त्या बाजूचा हात सुजला तर तारखेची वाटही बघायची नाही. वर्षभर मी तिच्याबरोबर मुंबईला गेले. मग ती म्हणाली, ‘आता मी एकली जाईन.’

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. इस्पितळात आमचा नंबर कधी दुपारच्या आत लागला नव्हता आणि ही जेवायच्या वेळेला घरात हजर. फाईल कुलपात. विचारलं की, ‘डॉक्टर बोलला, बेस हाय.’ नवऱ्याला सांगितलं, तर गुणाजी माझ्यावरच उखडले, ‘आईवर पाळत ठेवतेस काय?’ मी ठेवतच होते. तिची पिशवी तपासली, शेजारणींना खोदून विचारलं.

माझ्या नणंदेचं, जनीचं लग्न बारा दिवसांवर आलं, तेव्हा सासूची नवी चोळी आणायला मी कुंडलिक शिंप्याकडे गेले. चोळीच्या बाह्या कमीजास्त होत्या. मी त्याला फैलावर घेतलं. बिचाऱ्याने मापाची वही पुढे केली.

‘डावी बाही गणपतीत अर्धा इंच वाढवलेली, दिवाळीत एक, आता दीड. घरी बोलू नको बोललेली आवडाबाई.’

घरी ती सुकट निवडत होती. मी चोळी तिच्यापुढे टाकली.

‘शिंप्याचे पोटात काय राहत नाय,’ ती म्हणाली.

‘तपासायला गेलाच नाहीत ना?’

‘दोन येला नाय गेले. जनीचा लगीन हाय. डॉक्टरनी ठेवून घेतली तर पोरीला हळद कोन लावेल?’

मला इतका राग आला की रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. डॉक्टरांचा हात तिच्या काखेत थांबला. रोग परतला होता. जनीला हळद तिनेच लावली, तीच चोळी घालून, आणि चौथ्या दिवशी इलाजाला गेली. पुढे चार वर्षं जगली.

त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘सूज कधीपासून?’ मी वहीतलं सांगितलं. ते म्हणाले, ‘दिवाळीत कुणाच्या लक्षात आलं नाही?’

दिवाळीत सासूच्या डाव्या हातात बांगड्या चढेनात. शेजारीच बसले होते मी. माप खोटं दिलंस म्हणून कासारणीशी भांडले होते.